युरेनियम सापडलं, मग खाण सुरू व्हायला तेहतीस वर्षं का लागली?

आज जगात चालू असलेल्या युरेनियमच्या खाणींपैकी सर्वांत सकस खनिज कॅनडातल्या सिगार लेक इथे निघतं. हा साठा सापडला १९८१ साली आणि त्यातलं पहिलं खनिज वर आलं मार्च २०१४ मध्ये. एवढा श्रीमंत साठा, मागे मोठ्या कंपन्या, खाणकामाची जुनी परंपरा असलेला देश, आणि तरीही मध्ये तेहतीस वर्षं गेली.

आपल्याकडे कुठे युरेनियम सापडल्याची बातमी आली की लगेच 'इतके टन, म्हणजे इतकी वर्षं वीज' असं गणित मांडलं जातं. जमिनीखालचा साठा आणि पिंपात भरलेलं युरेनियम यांच्यामध्ये केवढं अंतर असतं, ते या गणितात कुणी धरतच नाही. सिगार लेकच्या उदाहरणात हे अंतर अगदी स्वच्छ दिसतं.

सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेला, सास्काटून शहरापासून सुमारे ६६० किलोमीटरवर, तळी आणि सूचिपर्णी जंगलांच्या प्रदेशात ही खाण आहे. कामगार विमानाने येतात, पाळी संपली की विमानानेच घरी जातात. भूशास्त्रज्ञ या भागाला अथाबास्का खोरं म्हणतात. तळाशी अतिप्राचीन, टणक, रूपांतरित खडक आणि त्यावर शेकडो मीटर जाडीचा वालुकाश्म, अशी इथली रचना आहे. वालुकाश्म सच्छिद्र आणि भेगाळलेला आहे आणि पाण्याने पूर्ण भरलेला आहे.

युरेनियमचा एक स्वभाव इथे लक्षात ठेवला तर पुढचं बरंच सोपं होईल. ऑक्सिजन मिळाला की ते पाण्यात विरघळतं, ऑक्सिजन नाहीसा झाला की पाण्यातून बाहेर पडून खडकात बसतं. शंभर कोटी वर्षांहूनही आधी वालुकाश्मातून फिरणारं गरम, ऑक्सिजनयुक्त पाणी युरेनियम वाहून आणत होतं. खालच्या जुन्या खडकातल्या भेगांपाशी, जिथे ऑक्सिजन टिकत नव्हता, तिथे ते साचत गेलं. त्यामुळे साठा बरोबर दोन खडकांच्या सांध्यावर आहे. जमिनीखाली साधारण ४३० मीटरवर, सुमारे दोन किलोमीटर लांब, पण जाडी सरासरी पाच-सहा मीटरच. त्याच्या डोक्यावर चिकणमातीचं टोपण तयार झालेलं आहे. त्या टोपणामुळे आणि ऑक्सिजन नसल्यामुळे युरेनियम इतकं जागच्या जागी राहिलं, की वर जमिनीवर किरणोत्साराची कसलीही खूण सापडत नाही. अणुकचरा खोल पुरण्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून या जागेचा अभ्यास केला तो याचसाठी.

वर खूणच नसेल तर शोध कसा लागतो? जमिनीखालच्या भेगांमध्ये ग्राफाइट असेल तर तो भाग वीज वाहून नेतो, आणि हे वरून उपकरणांनी कळतं. संशयाच्या जागी मग ड्रिल घालायचं, आतला दंडगोल खडक म्हणजे कोअर बाहेर काढायचा आणि तपासायचा. पण ड्रिलचं छिद्र असतं मनगटाएवढं. दोन छिद्रांच्या मध्ये काय आहे हा अखेर अंदाजच. म्हणून जबाबदार अहवालात 'साठा' या शब्दाच्या पायऱ्या असतात. एक अटकळीचा साठा, मग छिद्रं जवळजवळ घेऊन बऱ्यापैकी खात्री झालेला, आणि सर्वांत वर तो, जो आजच्या किमतीत आणि आजच्या तंत्राने नफ्यात काढता येईल असं कागदावर सिद्ध झालेलं आहे. बातमीत बहुतेक वेळा पहिल्या पायरीचा आकडा येतो आणि वाचणारा तो शेवटच्या पायरीचा समजतो. कॅनडात या अहवालांचे नियम २००१ मध्ये कडक झाले. त्याआधी ब्रे-एक्स नावाच्या कंपनीने इंडोनेशियातल्या ड्रिलच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळून शेअर बाजाराला फसवलं होतं. ते १९९७ मध्ये उघड झालं आणि हजारो गुंतवणूकदार बुडाले.

सिगार लेकच्या साठ्याबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता तो काढायचा कसा. इथल्या खनिजात युरेनियम ऑक्साइडचं प्रमाण १६ ते १८ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या झारखंडातल्या किंवा आंध्रातल्या खनिजात ते एक दशांश टक्क्याच्याही खाली असतं. म्हणजे सिगार लेकच्या एक टन खनिजातून पावणेदोनशे किलोच्या आसपास माल निघतो, तर आपल्याकडे एका टनातून एक किलोही नाही. ही श्रीमंती हिशेबाच्या वहीत छान दिसते, खाली बोगद्यात मात्र तीच घात करते. इतक्या दाट खनिजाजवळ माणूस फावडं घेऊन उभा राहू शकत नाही. खनिजातून गॅमा किरण येतात, किरणोत्सारी रॅडॉन वायू निघतो. वरून वालुकाश्मातलं पाणी प्रचंड दाबाने खाली यायला टपलेलं असतं, आणि त्या पाण्यातही विरघळलेला रॅडॉन असतो. थोडक्यात, खनिजाला हात न लावता ते काढायचं होतं आणि डोक्यावरचा पाण्याचा साठा न फोडता त्याच्याखाली बोगदे खणायचे होते. १९८० च्या दशकाअखेरीस इथे पहिला शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर) खणला गेला तो माल काढण्यासाठी नव्हे, हे जमेल का ते पाहण्यासाठी.

याच सुमारास लोकांचा प्रश्न पुढे आला. उत्तर सस्कॅचेवानमध्ये देने, क्री आणि मेती समाजांची वस्ती आहे आणि युरेनियमचा त्यांचा अनुभव कडू होता. अथाबास्का तळ्याच्या काठी गन्नर नावाची खाण १९५० च्या दशकात सुरू झाली, पुढच्या दशकात बंद पडली आणि कंपनी निघून गेली. मागे राहिले युरेनियम काढून उरलेल्या किरणोत्सारी गाळाचे उघडे ढीग, मोडकळीला आलेल्या इमारती आणि पाण्याने भरलेला खड्डा. तिथली सफाई पुढे सरकारी पैशातून करावी लागली, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. म्हणून १९९१ मध्ये केंद्र आणि प्रांत सरकारांनी मिळून एक संयुक्त समिती नेमली. उत्तरेतल्या नव्या युरेनियम खाणींचे प्रस्ताव या समितीने गावोगावी सुनावण्या घेऊन तपासले. सिगार लेकला समितीने १९९७ मध्ये अटींसह हिरवा कंदील दिला.

काही जण या सहा वर्षांना 'सरकारी दिरंगाई' म्हणतात. मला ते पटत नाही. गाळ कुठे जाणार, पाणी कुठे सोडणार, नोकऱ्या कुणाला मिळणार आणि खाण बंद झाल्यावर साफसफाईचा पैसा कोण देणार, हे प्रश्न खाण सुरू होण्याआधीच विचारायचे असतात. आज कॅनडात अणुनियामकाचा परवाना हवा असेल तर खाण बंद करण्याच्या खर्चाची आर्थिक हमी कंपनीला आधीच द्यावी लागते. तो नियम गन्नरसारख्या जागांनी शिकवला आहे.

परवानगी मिळाली तरी काम सुरू झालं नाही, कारण बाजार पडलेला होता. २००० च्या सुमारास युरेनियम ऑक्साइड पाउंडाला दहा डॉलरच्या आतबाहेर विकलं जात होतं. सोनं-चांदीसारखा याचा रोजचा मोठा बाजार नसतो. वीज कंपन्या बऱ्याचदा कित्येक वर्षांचे करार आधी करतात, आणि त्या करारांच्या जोरावर खाणीला भांडवल मिळतं. सिगार लेकमध्ये कॅमेको ही कॅनडाची कंपनी, फ्रान्सची अरेव्हा (आजची ओरानो) आणि दोन जपानी कंपन्या भागीदार होत्या. जपान्यांपैकी एक होती टेप्को, म्हणजे फुकुशिमाचा प्रकल्प चालवणारी. किंमत चढायला लागल्यावर डिसेंबर २००४ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला आणि २००५ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. खर्चाचा अंदाज होता ४५ कोटी कॅनेडियन डॉलर आणि उत्पादन सुरू व्हायचं होतं २००७ मध्ये.

एप्रिल २००६ मध्ये दुसऱ्या शाफ्टमध्ये पाणी शिरलं. हा इशारा होता. २३ ऑक्टोबर २००६ ला खाली एका बोगद्यात दरड कोसळली, वरच्या वालुकाश्मातल्या पाण्याला वाट मिळाली आणि खाणीतले पंप त्या लोंढ्यापुढे कमी पडले. माणसं सुखरूप बाहेर आली, कुणाला इजा झाली नाही. पण जमिनीखालची सगळी खाण बुडाली.

गंमत अशी, की त्या खाणीने तोवर एक किलोही माल दिला नव्हता, तरी तिच्या बुडण्याने जगभर युरेनियम महागलं. पुढच्या काही वर्षांचा पुरवठा खरेदीदारांनी तिच्या भरवशावर गृहीत धरला होता. जून २००७ मध्ये भाव पाउंडाला १३६ डॉलरवर गेला. भाव आकाशाला भिडला तेव्हा सिगार लेककडे विकायला काही नव्हतं.

बुडालेली खाण उपसायची कशी? आत माणूस जाऊ शकत नाही, म्हणून जमिनीवरून चारशेहून अधिक मीटर खोल छिद्रं पाडली, नेमकी कोसळलेल्या बोगद्यात उतरवली आणि त्यांतून काँक्रीट आणि सिमेंटची पेज ओतून भगदाड बुजवलं. मग पंप लावले. पाणी जवळजवळ तळाला गेलं असताना, ऑगस्ट २००८ मध्ये, ४२० मीटरच्या पातळीवर दुसरी गळती फुटली. उपसा थांबवावा लागला, गळती शोधावी लागली आणि ती पुन्हा वरूनच बुजवावी लागली. खाण कोरडी झाली फेब्रुवारी २०१० मध्ये. त्यानंतर पंपांची क्षमता वाढवून ती अपेक्षित कमाल आवकेच्या किमान दीडपट ठेवायची असं ठरलं. आधी हे का केलं नाही, हा प्रश्न रास्तच आहे. अभ्यासात आणि सुनावण्यांत वर्षं घालवलेल्या प्रकल्पाने बांधकामाच्या दोन वर्षांत जी घाई केली, तिची किंमत आठ वर्षं मोजली. खर्च शेवटी अडीच अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

आज ही खाण ज्या युक्तीवर चालते ती म्हणजे जमीन गोठवणं. आपल्याकडे पॉटमधलं आइस्क्रीम करताना बर्फात खडे मीठ टाकतात. मिठाचं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून ते भांड्यातलं दूध गोठवू शकतं. सिगार लेकला हेच तत्त्व डोंगराएवढ्या मापात वापरलं आहे. जमिनीवर मोठा शीतकरण कारखाना आहे. तिथे कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी उणे तीस अंशांच्या आसपास थंड करतात आणि खनिजापर्यंत खोल गेलेल्या असंख्य नळ्यांमधून फिरवतात. महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त काळ ते फिरत राहतं. खनिज, चिकणमाती, वालुकाश्म आणि त्यातलं पाणी यांचा एकच घट्ट गोठलेला ठोकळा होतो. पाणी गोठलं की वाहत नाही, रॅडॉन घेऊन येत नाही आणि खडकही कोसळत नाही.

खनिज काढणारा बोगदा खनिजात नसतोच. तो त्याच्या खाली, टणक जुन्या खडकात असतो. त्या बोगद्यात एक अवजड यंत्र उभं करतात. ते छताकडे तोंड करून वर छिद्र पाडतं, छिद्र खडकातून आरपार जाऊन गोठलेल्या खनिजात शिरतं. मग त्यातून एक नळी वर जाते आणि तिच्या तोंडातून पाण्याची अतिउच्च दाबाची धार आडवी सुटते. नळी गोल फिरत राहते, धार गोठलेलं खनिज कापत जाते आणि चार-पाच मीटर रुंदीची पोकळी तयार होते. कापलेलं खनिज पाण्याबरोबर चिखल होऊन त्याच वाटेने खाली येतं, पण बंद पाइपातून. तो चिखल खालीच दळला जातो, घट्ट केला जातो आणि पंपाने वर चढवला जातो. यंत्र चालवणारा कामगार पडद्यावर आकडे पाहत असतो. ज्या खनिजासाठी एवढा खटाटोप, ते त्याच्या डोळ्यांसमोर कधी उघडं येत नाही. पोकळी रिकामी झाली की तिच्यात काँक्रीट भरतात आणि यंत्र पुढच्या जागी सरकतं. प्रत्येकाच्या अंगावरच्या डोसमापकाची, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणाऱ्या उपकरणाची, नोंद होते. कॅनडात कामगाराच्या डोसची मर्यादा एका वर्षात ५० मिलिसिव्हर्ट आणि पाच वर्षांत मिळून १०० आहे.

पूर्ण क्षमतेला ही खाण वर्षाला १.८ कोटी पाउंड, म्हणजे सुमारे ८,१६५ टन युरेनियम ऑक्साइड देते. त्यासाठी दिवसाला सरासरी दीडशे टनांहूनही कमी खनिज पुरतं. मोजक्या डंपरांत मावेल एवढं!

खास पिंपांत भरलेला तो चिखल ट्रकने सुमारे ७० किलोमीटरवरच्या मॅक्लीन लेक कारखान्यात जातो. इथे युरेनियमचा तोच जुना स्वभाव पुन्हा कामाला येतो. खनिजात गंधकाम्ल आणि ऑक्सिजन पुरवणारं रसायन घातलं की युरेनियम द्रावणात उतरतं. द्रावकांनी ते इतर धातूंपासून वेगळं करतात, पुन्हा घनरूपात आणतात, भाजतात आणि पोलादी पिंपांत भरतात. यालाच 'यलोकेक' म्हणतात, पण जास्त तापवलेलं असेल तर रंग पिवळ्याऐवजी काळसर-हिरवट असतो. हे अजून इंधन नाही. त्यातलं विखंडन पावणारं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. पुढे शुद्धीकरण होतं, बहुतेक अणुभट्ट्यांसाठी समृद्धीकरण होतं आणि मग इंधन घडतं. सिगार लेकचं पहिलं पिंप भरलं ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर फुकुशिमाचा अणुअपघात होऊन गेला होता, जपानच्या अणुभट्ट्या बंद होत्या आणि भाव पुन्हा घसरलेला होता.

या सगळ्याशी आपला एक धागा जुळलेला आहे. मुंबईत ट्रॉम्बेला कॅनडाच्या मदतीने 'सायरस' अणुभट्टी उभी राहिली होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने आपल्याशी अणुसहकार्य तोडलं. पुन्हा करार व्हायला २०१० उजाडलं, आणि एप्रिल २०१५ मध्ये याच कॅमेको कंपनीने भारताला पाच वर्षांत ७१ लाख पाउंड युरेनियम पुरवण्याचा करार केला. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या समृद्ध न केलेलं, नैसर्गिक युरेनियम वापरतात, म्हणून असं यलोकेक आपल्याला थेट उपयोगी पडतं. हैदराबादला त्याचं इंधन तयार होतं.

आपल्या स्वतःच्या खाणींची वाट वेगळ्या कारणांनी अडते. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात तुम्मलपल्ले इथला साठा बरीच वर्षं माहीत होता, पण युरेनियम आहे चुनखडीच्या जातीच्या खडकात. त्यावर गंधकाम्ल घातलं तर ते सगळं चुनाच पिऊन टाकतो, युरेनियमपर्यंत काही पोहोचत नाही. तिथे सोड्याच्या, म्हणजे अल्कधर्मी द्रावणात, दाबाखाली आणि उष्णतेत युरेनियम विरघळवण्याची पद्धत बसवावी लागली. २०१२ मध्ये तो कारखाना सुरू झाला, दिवसाला ३,००० टन खनिज पेलणारा. सिगार लेकच्या वीसपट दगड हाताळायचा आणि युरेनियम मिळवायचं त्याच्या कितीतरी कमी. जो दगड उरतो तो दळलेल्या, ओल्या गाळाच्या रूपात, आणि त्याला जन्मभर सांभाळायला तळं लागतं.

मेघालयात डोमियासियात इथे तर तांत्रिक अडचण फारशी नाही. साठा उथळ आहे, १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. जमीन मात्र खासी समाजाची आहे आणि तिथल्या लोकांनी, विद्यार्थी संघटनांनी, काही जमीनमालकांनी खाणीला ठाम नकार दिला. तिथे आजवर खाण झालेली नाही. या नकाराला 'विकासविरोध' म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण झारखंडात जादुगोडाच्या युरेनियम खाणीच्या आसपासच्या आदिवासी गावांनी गाळतळ्यांच्या शेजारी राहण्याबद्दल वर्षानुवर्षं जे सांगितलं, ते मेघालयातल्या लोकांनी ऐकलेलं होतं.

तुम्मलपल्लेच्या गाळतळ्याभोवतीच्या गावांतले शेतकरी विहिरींचं आणि बोअरचं पाणी बिघडल्याची, केळीची पिकं वाळल्याची तक्रार करत आले आहेत. खाण चालवणाऱ्या युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने ती नाकारली आहे. इथे माझी मागणी साधी आहे. त्या विहिरींचे नमुने कंपनीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेने घ्यावेत, युरेनियम, सोडियम आणि नायट्रेटचे आकडे मर्यादेसह तेलुगूत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लावावेत, आणि गाळतळं वाढवण्याची परवानगी मागताना मागच्या सगळ्या महिन्यांचे हे कागद अर्जाला जोडणं सक्तीचं असावं.